कापशाच्या पत्त्यावर

योगेंद्रने माळ्यावरची दुसरी पेटी ओढली तसा तिच्यामागचा कुरतडलेल्या कागदांचा भुगा त्याच्या तोंडावर आला आणि स्टुलावर उभ्याउभ्याच त्याला खोकल्याची उबळ लागली. खाली सरिता दोन्ही हात वर करून उभी होती. काका, सोडा, मी घेते, असं म्हणत होती. त्याने ऐकलं नाही. पेटी छातीशी धरून तो खाली उतरला, ती फरशीवर ठेवली, भिंतीला टेकून बसला आणि खिशातला दम्याचा पंप तोंडात धरून दोनदा ओढला.

पलंगावर बसलेल्या कोकिळाबाईंनी पाहुणीकडे बघून मान हलवली.

"जळगावची धूळ. लहानपणी काही नव्हतं हो त्याला. पारोळ्याची हवा चांगली."

योगेंद्रने पंप खिशात टाकला आणि हातपाय धुवायला निघून गेला.

सरिता धुळ्याच्या एका अध्यापक विद्यालयात शिकवायची. तिची दोन वर्षांची मुलगी मोबाइलवर 'कापशाचं अंगण'चे जुने भाग लावल्याशिवाय तोंड उघडायची नाही, आणि मुलीला भरवता भरवता आईच त्या भागांच्या नादी लागली. कार्यक्रम सुरू झाला त्याला यंदा चाळीस वर्षं झाली होती. तेव्हा जळगावात एक छोटा सोहळा करायचा, कोकिळाबाईंचा सत्कार करायचा आणि त्या काळी मुलांनी कापशाला धाडलेल्या पत्रांचं प्रदर्शन मांडायचं, असं तिने ठरवलं. कार्यक्रम बंद पडला त्या वर्षी ती पत्रं रद्दीत निघाली होती. कोकिळाबाईंनी त्यातली दोन पेट्या भरून घरी आणली आणि त्यानंतर त्या पेट्यांना कुणी हात लावला नाही.

ज्यांनी तो कार्यक्रम बघितला नाही त्यांना त्याचं कौतुक समजावून सांगणं अवघड, कारण त्यात काही घडायचंच नाही. दर गुरुवारी संध्याकाळी वीस मिनिटं. एक अंगण, एक बाज, बाजेवर शेंगा सोलत बसलेला म्हातारा नट, ज्याला सगळे नाना म्हणत, आणि बाजेच्या कडेवरून डोकावणारं पांढरं वासरू. ते वासरू म्हणजे कापशा. जुन्या धोतराचं शिवलेलं, आत कापूस भरलेला, गळ्यात पितळी घंटा. कापशा प्रश्न विचारायचा. शेंगेत दाणे एकमेकांकडे पाठ करून का झोपतात, दुपारी सावली कुठे जाते, असले. एका भागात त्याची घंटा हरवली आणि शेवटपर्यंत सापडलीच नाही. आज घंटेवाचून राहू, एवढंच नाना म्हणाले आणि दोघं तसेच बसले. हल्लीच्या पोरांच्या कार्यक्रमांत पाच मिनिटांत जेवढी बोंबाबोंब होते तेवढी तिथे दहा वर्षांत झाली नसेल. तिथे कुणी पहिला यायचा नाही, कुणी हरायचा नाही. कापशाने काही विचारलं की नाना लगेच बोलायचे नाहीत. पाच-सहा सेकंद नुसत्या शेंगा फुटल्याचा आवाज यायचा, आणि तेवढ्यात घराघरातली पोरं आपापलं उत्तर देऊन मोकळी व्हायची. शेवटी कापशा जवळ येऊन हळूच म्हणायचा की काही सांगायचं राहिलं असेल तर मला लिहा, मी सगळी पत्रं वाचतो. मग पडद्यावर पत्ता यायचा.

बाजेखाली पाठीवर झोपून, हात वर करून त्या वासराला बोलतं करायच्या त्या कोकिळाबाई. दहा वर्षं तसं झोपून त्यांचा उजवा खांदा कामातून गेला तो गेलाच.

जुने भाग मोबाइलवर फिरायला लागल्यापासून घरी माणसांची रीघ लागली होती. सावद्याचा एक केळीचा व्यापारी, शंभर किलोचा गडी, गाडीतून उतरून थेट कोकिळाबाईंच्या पायाशी बसला आणि रडला. बाप दारू पिऊन घर डोक्यावर घ्यायचा. गुरुवारची तेवढी वीस मिनिटं आपल्याला कुणीतरी शांतपणे बोलताना ऐकू यायचं, म्हणाला. अमळनेरच्या एक डॉक्टरीणबाई कापशाचं उत्तर आलेलं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाखवायला घेऊन आल्या. अक्का, तुम्ही आम्हाला वाढवलंत, असं जो तो म्हणायचा. जाता जाता कुणीतरी योगेंद्रच्या पाठीवर थाप मारायचं: तुमचं काय बुवा, तुमच्या तर घरातच कापशा. योगेंद्र चहाचे कप उचलत हसायचा. तो एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक होता. कुठल्या फलाटावर कुठली गाडी लागली ते दिवसभर माइकवरून सांगायचा. हजार माणसांसमोर आवाज सपाट ठेवायची त्याला सवय होती.

सरितानेही पहिल्याच दिवशी त्याला विचारलं होतं, तुम्ही लहानपणी कापशाला कधी लिहिलं का.

"नाही," तो म्हणाला होता.

ते खोटं होतं. त्याने एक पत्र लिहिलं होतं, अठ्ठ्याऐंशी साली, नऊ वर्षांचा असताना, आणि त्याचं उत्तरही त्याला आलं होतं. त्या उत्तरापासून पुढचं सगळं त्याचं आयुष्य थोडं वाकडंच गेलं, असं तो मनातल्या मनात म्हणायचा. बायकोलासुद्धा त्याने ते कधी सांगितलं नाही.

झालं होतं असं. योगेंद्र चार वर्षांचा असताना त्याचे वडील अपघातात गेले. कोकिळाबाई पारोळ्याला बालवाडी चालवायच्या. पोरांना रमवायला त्यांनी धोतराचं वासरू शिवलं, धुळ्याच्या एका शिबिरात ते कुणीतरी बघितलं, आणि वर्षभरात त्यांना मुंबईहून बोलावणं आलं. तिथे बायकांच्या वसतिगृहात खोली मिळाली. मूल ठेवायला परवानगी नव्हती. मग पोरगा पारोळ्यालाच, त्यांच्या थोरल्या भावाकडे, तोतारामकडे राहिला.

तोताराम गावात देवमाणूस होता. कुणाच्या मर्तिकाला, कुणाच्या लग्नाला सगळ्यांच्या आधी हजर. घरात तो हात उगारायचा नाही. त्याची रीत वेगळी होती. दिवाळीनंतर वेचणीचा कापूस घरात यायचा आणि भाव चढेपर्यंत विकायचा नाही म्हणून मागची खोली आढ्यापर्यंत भरून ठेवली जायची. काही वर्षी आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ती भरलेलीच असायची. शाळेतून उशीर झाला, दूध सांडलं, उलट उत्तर दिलं, की तोताराम भाच्याला त्या खोलीत ढकलायचा आणि बाहेरून कडी लावायचा. आत उभं राहायलाही जागा नसे. हलावं तर कापूस अंगावर सरके, नाकातोंडात तंतू जात आणि रडायला लागलं की श्वासच मिळेनासा होई. कधी तास, कधी दुपारभर. बाहेर काढल्यावर तोताराम स्वतःच्या हाताने त्याचे केस झटकायचा.

आईला लिहायचं तर पत्र मामा शेजारी बसून सांगायचा: मी मजेत आहे, मामा फार लाड करतात. वसतिगृहाचा पत्ताही मामाजवळच. पण कापशाचा पत्ता टीव्हीवर यायचा. शेजारच्या भिकुबाईंच्या घरी तीन गुरुवार बसून योगेंद्रने तो पाठ केला, आणि त्यांनीच त्यांच्या लेकाला लिहायला आणून ठेवलेलं एक आंतरदेशीय पत्र मागून घेतलं. कार्ड घेतलं नाही. कार्ड कुणीही वाचतं, पोस्टमन मामाच्या ओळखीचा होता. आंतरदेशीय पत्राला चारी कडांना डिंक लावता येतो. कापशा म्हणजे आपली मायच आहे हे त्याला ठाऊक होतं, सगळ्या पारोळ्याला ठाऊक होतं. त्याने सगळं लिहिलं, डिंक लावला, गुरुजींनी शिकवल्याप्रमाणे मागे आपलं नाव आणि पत्ता घातला आणि शाळेच्या वाटेवरच्या पेटीत पत्र टाकलं.

बाविसाव्या दिवशी कार्ड आलं. अक्षर मायचंच होतं. तिचा 'श' तो झोपेतही ओळखला असता. 'प्रिय योगेंद्र, तुझे पत्र मिळाले. वाचून आनंद झाला. मोठ्यांचे ऐकावे, वेळेवर जेवावे, अंगणात सर्वांशी प्रेमाने वागावे. तुझा, कापशा.'

तोतारामने ते कार्ड ओट्यावर उभं राहून गल्लीला वाचून दाखवलं. त्याला पोराचा खरंच अभिमान वाटला.

"दख," तो भाच्याला म्हणाला, "कापशा बी काय सांगस? मोठासनं आयकानं."

मग ते त्याने भिंतीवर चिकटवून टाकलं. पुढची दोन वर्षं, अमळनेरच्या वसतिगृहात जाईपर्यंत, योगेंद्र त्याच्याखालून मागच्या खोलीत जात राहिला. आखाजीला माय घरी आली तेव्हा त्याने तिला पहिल्यांदा 'आई' म्हणून हाक मारली, टीव्हीतल्या पोरांसारखी. पोरगा शहाण्यासारखं बोलायला लागला म्हणून ती खूश झाली. त्याने तिला काही सांगितलं नाही. जे तिने वाचलं होतं ते पुन्हा काय सांगायचं.

मामा सहा वर्षांपूर्वी वारला आणि कोकिळाबाई जळगावला लेकाकडे आल्या. त्यांच्या खोलीत भावाचा फोटो होता, त्याला रोज हार घालायचं काम सून, कामिनी, करायची. योगेंद्रने आईचं काही कमी केलं नाही. गोळ्या वेळेवर, खांद्याला शेक, डोळ्यांचं ऑपरेशन. पण बोलणं विचारलं तेवढंच, चौकशीच्या खिडकीवर बोलतात तसं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून त्याने मामाचं नाव कधी काढलं नाही. त्याला मामाकडून काही नकोच होतं. त्याला आईकडून एक वाक्य हवं होतं. मी ते पत्र वाचलं होतं आणि माझं चुकलं, एवढंच. तिने आपण होऊन म्हणावं, अशी तो सहा वर्षं वाट बघत होता, आणि ती मजेत सकाळी पेपर वाचायची, दुपारी झोपायची.

सोहळा रविवारी सकाळी अकराला होता, वाचनालयाच्या सभागृहात. कामिनी भाच्याच्या साखरपुड्याला सावद्याला गेली होती, म्हणून योगेंद्रनेच आईला गाडीतून नेलं. दोनेकशे माणसं होती, बरीचशी चाळिशीच्या पुढची, काही पोरांना घेऊन आलेली. भिंतीला पत्रं लावली होती. वासराची चित्रं, बोराएवढी अक्षरं. तोतारामचा मुलगा प्रेमराज पारोळ्याहून शाल-श्रीफळ घेऊन आला होता आणि पहिल्या रांगेत बसला होता. तो त्या वेळी पाळण्यात होता, त्याचा काही दोष नव्हता. योगेंद्रने त्याला नमस्कार केला आणि स्वतः मागे दाराजवळ उभा राहिला.

कोकिळाबाई हातात कापशा घालून स्टेजवर बसल्या तसं सभागृह उभं राहिलं. नवीनच शिवलेला होता, पण त्यांनी मान तिरकी करून त्याला नुसतं बघायला लावलं आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मग त्या बोलल्या, त्या जुन्या, न घाई करणाऱ्या आवाजात.

"लोक मला म्हणतात, तुम्ही आमची लेकरं सांभाळली. पण माझं लेकरू माझ्या भावाने सांभाळलं, म्हणून मला तुमची सांभाळता आली. आज तो असायला हवा होता."

प्रेमराजने मान खाली घातली. टाळ्या झाल्या. योगेंद्रनेही दोनदा हातावर हात मारला.

सरिताने पत्रांचं विचारलं. एवढ्या मुलांना उत्तरं कशी द्यायचात? कोकिळाबाईंना तो प्रश्न आवडला. त्या रंगून सांगायला लागल्या. महिन्याला चार-चार हजार पत्रं, आणि करणाऱ्या आम्ही तिघी. कार्डं वाचून व्हायची, ती उघडीच असतात. आंतरदेशीय मात्र फोडायला वेळ लागायचा. पोरं कुठेही डिंक लावायची, फाडलं की अक्षरंच फाटायची. पण मागे नाव-पत्ता असायचा. मग आम्ही काय करायचो, आंतरदेशीयचा गठ्ठा तसाच पुढे घ्यायचा आणि मागचा पत्ता बघून कार्ड टाकायचं. मजकूर एकच, पाठ झालेला. चूक म्हणा हवं तर, पण उत्तर आलं नाही असं एकाही पोराला म्हणू दिलं नाही.

सभागृह हसलं. मायेने हसलं, आपल्याच आजीची लबाडी कळल्यासारखं. मागे दाराजवळ योगेंद्रने चौकट धरली. फोडायला वेळ लागायचा. त्याने ते वाक्य मनात पुन्हा म्हणून बघितलं.

"अशी न फोडलेली तीनशे बारा पत्रं आम्हाला पेट्यांत सापडली," सरिता म्हणाली. "त्यातलं एक मी मुद्दाम मागे ठेवलंय. योगेंद्रकाका मला म्हणाले होते की त्यांनी कापशाला कधीच लिहिलं नाही. काका, जरा वर या."

माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी त्याला हसत पुढे ढकललं. तो पायऱ्या चढून वर गेला तेव्हा सरिताने निळं, कडा पिवळ्या पडलेलं पत्र त्याच्या हातात दिलं. मागे पेन्सिलने आखलेल्या रेघांवर त्याचं नाव होतं, द्वारा तोताराम, पारोळा. चारी कडा चिकटलेल्या. त्याने भीतीने दोनदा डिंक लावला होता, ते आठवलं.

त्याने आईकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, पत्राकडे बघत होती. सदतीस वर्षं तो एकच गोष्ट समजून चालला होता, आणि आता तिचे दोन तुकडे झाले. आत काय आहे हे तिला कळलं नव्हतं. तिने ते वाचून 'आनंद झाला' असं लिहिलं नव्हतं. हे कळल्यावर त्याचे पाय हलके व्हायला हवे होते, आणि क्षणभर झालेही. मग त्याला दिसलं की कार्डावर हा पत्ता तिने स्वतःच्या हाताने उतरवला. भावाचं नाव, गावाचं नाव, लेकाचं नाव. चार हजारांत हे एक पत्र कुणाचं हे तिला माहीत होतं. तरी ते बाकीच्यांसारखंच गठ्ठ्यात गेलं होतं.

"फोडा ना काका," सरिता म्हणाली. "कापशाच्या समोरच वाचा."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. दोनशे माणसांना ती उघडून बघायची घाई झाली होती. योगेंद्रने बोट घालून कड सोडवली. डिंक इतका सुकला होता की कागद आपसूक सुटला.

आत सहाच ओळी होत्या. 'कापशा, तोतामामा माले कापूसनी खोलीमा कोंडस. बाहेरथून कडी लावस. आंधारं ऱ्हास. माले दम लागस. मन्ही मायले सांग, माले ली जाय. मामाले सांगू नको.'

त्याने त्या मनात वाचल्या, मला घेऊन जा ही विनवणी दोनदा. समोर प्रेमराज हसऱ्या चेहऱ्याने मोबाइल धरून चित्रण करत होता. शेजारी त्याची आई कापशाला मांडीवर घेऊन बसली होती, त्र्याहत्तर वर्षांची, खांदा एका बाजूला झुकलेला. हे मोठ्याने वाचलं असतं तर तिला लोकांसमोर तोंड लपवायला जागा उरली नसती. सहा वर्षं त्याला नेमकं तेच हवं होतं, असं त्याला वाटत आलं होतं. आता ते हातात आलं होतं.

माइक त्याच्यापुढे आला. योगेंद्रने आगारातला आवाज लावला.

"प्रिय कापशा," तो म्हणाला, "मी पारोळ्याला राहतो. तुझा कार्यक्रम मला फार आवडतो. आमच्याकडे पण वासरू आहे, पण ते बोलत नाही." लोक हसले. "मामा मला शेतात नेतात. बैलगाडी हाकायला देतात. मला एक सायकल पाहिजे. लाल रंगाची. घंटीची. नानांना सांग, सगळ्या शेंगा एकट्याने खाऊ नका. आईला सांग, मी मजेत आहे. काळजी करू नको. तुझा मित्र, योगेंद्र."

टाळ्या थांबेनात. प्रेमराजने मोबाइल खाली करून डोळे पुसले. सरिताही रडत हसत होती. तिने कापशाला विनवलं की एवढ्या वर्षांनी तरी मित्राला खरं उत्तर दे. कोकिळाबाईंनी वासरू वर उचललं, पण ते बोललं नाही. पाच सेकंद गेले, सहा, सात. जुन्या प्रेक्षकांनी त्या शांततेला ओळखलं आणि ती जपून धरली. योगेंद्र पत्राची घडी घालत होता. आईची नजर आपल्या हातांवर आहे हे त्याला कळत होतं. सहा ओळींच्या कागदातून एवढं मोठं पत्र वाचून दाखवलेलं तिने बघितलं होतं, आणि नसलेलं बोलून दाखवण्यात तिची दहा वर्षं गेली होती.

"सायकल मिळेल हं," कापशा म्हणाला.

परत निघाले तेव्हा एक वाजून गेला होता. मागच्या सीटवर शाली आणि हार होते, कोकिळाबाई पुढे योगेंद्रच्या शेजारी बसल्या होत्या. सत्कार चांगला झाला, सरिता गुणाची पोरगी आहे, प्रेमराज थेट भावासारखा दिसायला लागला, तो आता घरी जेवायला येतोय, असं त्या आपल्याशीच बोलत होत्या. योगेंद्रने वस्ती विरळ होते तिथे एका निंबाखाली गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

त्याने खिशातून पत्र काढलं, सगळ्या घड्या उलगडल्या आणि अक्षरं वर येतील असं त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"वाच," तो म्हणाला.

"तू वाचं ना आत्तेच. बठ्ठासनी आयकं." सगळ्यांनी ऐकलं, म्हणजे त्यांच्या लेखी ते वाचून झालं होतं.

"यात सायकल नाही."

रस्त्याने केळीचा एक ट्रक गेला. तो दिसेनासा होईपर्यंत कोकिळाबाई समोर काचेतून बघत होत्या. मग त्यांनी न बघताच मांडीवरचा कागद उचलला. एक घडी घातली, दुसरी, तिसरी, जुन्या खुणांवरून, प्रत्येक घडीवर नख ओढत. हजारो पत्रं हाताळलेला तो हात होता. शेवटी कड आत खोचून त्यांनी पत्र बंद केलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्याने पत्र घेतलं नाही तेव्हा त्यांनी ते दोघांच्या मधल्या जागेत ठेवून दिलं.

योगेंद्र त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. आत काय असेल ते त्यांना कळलं होतं, नाव कुणाचं असेल तेही. कळलं होतं म्हणूनच त्या वाचणार नव्हत्या.

"चाल," त्या म्हणाल्या. "प्रेमराज जेवाले ई ऱ्हायना."